पन्नालाल पटेल कोणी वाचलेत का? (निदान बडोदेकरांनी तरी?)

सूरसागरकाठची

नमस्कार मंडळी,
खूप दिवस हा धागा काढायचं म्हणत होते पण मोबाईलवर मराठी टाइप करायचा कंटाळा. आज घरातले सगळे मॅच बघत बसलेत तेवढ्यात लिहून टाकते, चुका सांभाळून घ्या.

मी मूळची दांडियाबाजारातली, लग्नानंतर कारेलीबागेत. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या, पणजोबा सरकारी नोकरीत (सरकार म्हणजे गायकवाड सरकार, आमच्या घरात अजून 'महाराज' म्हटलं की सयाजीरावच). घरात पुस्तकं सगळी मराठी. आईनं श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' दोन्ही खंड तीनदा वाचलेत आणि तिनं कोकण पाहिलंय आयुष्यात एकदा, तेही टुरिस्ट बसच्या खिडकीतून. आणि गुजराती? गुजराती म्हणजे भाजीवाला, रिक्षावाला, शेजारच्या बा आणि लाइट बिल. बोलायला एक नंबर, झोपेत बोलेन. पण गुजराती पुस्तक आपण होऊन उचललंय असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं. लाज वाटते लिहायला पण खरं आहे ते आहे.

तर गेल्या पावसाळ्यात पाय घसरून हाड क्रॅक, दीड महिना प्लास्टर. शेजारच्या फोईंनी (फोई म्हणजे आत्या) एक जुनं पुस्तक आणून दिलं, कव्हर गेलेलं, म्हणाल्या वांच ने, टाइम जशे. आत नाव 'मळेला जीव', लेखक पन्नालाल पटेल. मी आपली 'मळलेला जीव' समजले, म्हटलं असेल कुणा पापी माणसाची गोष्ट. चार पानं झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की मळेला म्हणजे भेटलेले, जुळलेले. जन्माष्टमीच्या जत्रेत कानजी आणि जीवी चगडोळात (म्हणजे आपला पाळणा) शेजारी बसतात आणि तिथून सगळं सुरू होतं. तो पाटीदार, ती वाळंद म्हणजे न्हाव्याची मुलगी, त्यामुळे लग्न होणं शक्यच नाही. मग हा शहाणा काय करतो तर तिचं लग्न आपल्याच गावातल्या, तिच्या जातीतल्या धुळाशी लावून देतो, कशासाठी तर ती डोळ्यासमोर तरी राहील. तो धुळा दिसायला कसाही आणि संशयी. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं इतका राग आला कानजीचा. संध्याकाळी परत उघडलं. शेवट सांगत नाही.

मग या पन्नालालांबद्दल शोधलं तर अजून थक्क. शिक्षण चौथीपर्यंत. चौथी! जन्म ७ मे १९१२, गाव मांडली, ते आज राजस्थानच्या डुंगरपूरमध्ये येतं, गुजरातच्या अगदी हद्दीवर. पेंडशांपेक्षा आठ महिन्यांनी मोठा. आणि हा माणूस १९८९ पर्यंत होता, अमदावादला, म्हणजे आमच्यापासून शंभर सव्वाशे किलोमीटरवर, मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला नाव माहीत नव्हतं.

आता 'मानवीनी भवाई' चालू आहे, अर्ध्यावर आलेय. कोणी वाचलंय का? बोला ना काहीतरी.

---

भाखरवडी

ताई मस्त लिहिलंय. आमच्या गुजरातीच्या पाठ्यपुस्तकात 'मानवीनी भवाई'चा उतारा होता, दुष्काळात शेठ धान्य वाटतोय आणि काळूला (म्हणजे नायकाला) हात पसरायची शरम वाटते तो. परीक्षेला 'काळूचं पात्रालेखन करा' हमखास. मला वाटायचं काळू हा माणूस फक्त पाच मार्कांसाठी जन्माला आलाय.

---

मांडवीचा_म्हातारा

धागाकर्तीचं अभिनंदन. मी दोन्ही वाचलेत, पहिल्यांदा १९७० च्या आसपास, त्यामुळे थोडं लांबण लावतो, तरुणांनी स्क्रोल करावं.

पन्नालालांची कारकीर्द समजायची तर आधी उत्तर गुजरातेतल्या ईडरला जावं लागतं. वडील लहानपणीच गेले, घरची शेती, ओढाताण, पोरगं हुशार म्हणून ईडरच्या शाळेत गेलं आणि तिथे त्याच्याबरोबर कोण होतं तर उमाशंकर जोशी. पुढे उमाशंकर शिकत गेले, कवी झाले, याचं शिक्षण चौथीतच खुंटलं. मग मिळेल ते काम. डुंगरपूरकडे दारूच्या भट्टीवर मॅनेजर, मग अमदावादला लोकांच्या घरी घरकाम, मग वीज कंपनीत. १९३६ ला अमदावादला साहित्य परिषदेचं अधिवेशन होतं, तिथे दोघे जुने वर्गमित्र अचानक समोरासमोर आले. उमाशंकर आणि कवी सुंदरम यांनी याला लिही म्हणून मागे लागून लिहायला लावलं. विचार करा, त्या दिवशी हा माणूस तिकडे फिरकलाच नसता तर.

पहिली कथा त्याच साली आली. १९४० ला 'वळामणां'. या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, बोळवण. पाहुण्याची, लेकीची बोळवण. १९४१ ला 'मळेला जीव', ती गुजराती लेखक झवेरचंद मेघाणींनी मागितली म्हणून लिहिली आणि लिहून काढली चोवीस दिवसांत. १९४७ ला 'मानवीनी भवाई'. म्हणजे पहिल्या कथेपासून अकरा वर्षांत गडी शिखरावर. १९५० ला रणजितराम सुवर्णचंद्रक, गुजराती साहित्यातला मोठा मान. आणि १९८५ ला ज्ञानपीठ. उमाशंकरांना १९६७ ला मिळालं होतं, कुवेंपूंबरोबर विभागून. गुजरातीला पहिली दोन ज्ञानपीठं मिळाली ती ईडरच्या एकाच शाळेतल्या दोन पोरांना, एक प्राध्यापक आणि कुलगुरू झालेला, दुसरा चौथी पास.

---

कोकणचो_झील

मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत नोकरीला, सात वर्षं झाली बडोद्यात, मूळ दापोली तालुका, म्हणजे पेंडशांचाच (त्यांचं मुर्डी आमच्यापासून लांब नाही). धाग्यात पेंडशांचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं.

माफ करा पण तुलना जरा ओढूनताणून वाटते. पेंडशांच्या मागे 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू', 'रथचक्र' (यालाच १९६३ चं साहित्य अकादमी) अशी रांग आहे आणि मग १९८७ ला 'तुंबाडचे खोत', चार पिढ्या, जगबुडीचा काठ, दोन जाडजूड खंड. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढं मोठं काम बाहेर काढणारा माणूस आणि पस्तिशीत शिखर गाठून मग उतरणीला लागलेला माणूस, एका पंगतीत कसे बसवणार?

---

सूरसागरकाठची

@कोकणचो_झील, पस्तिशीत शिखर गाठलं हा गुन्हा आहे का हो :)

आणि एक गंमत सांगू का, तुम्ही इंजिनिअर दिसता म्हणून तुम्हालाच. पेंडसे नोकरीला कुठे तर मुंबईच्या बेस्टमध्ये. पन्नालाल कुठे तर अमदावादच्या वीज कंपनीत, आधी मशीनला तेलपाणी आणि मग लोकांच्या घरी मीटर रीडिंग. एकजण शहरात वीज आणि बस चालवणाऱ्या ऑफिसात बसून खोतांची वाडी लिहितोय, दुसरा दिवसभर पोळांमधून (जुन्या गल्ल्यांमधून) मीटरचे आकडे टिपून संध्याकाळी खोलीवर जाऊन खळं, बैल, जत्रा लिहितोय. दोघांच्याही गावात तेव्हा वीज नसणार. मला हे वाचल्यापासून दारात मीटरवाला आला की उगाच चहा विचारावासा वाटतो.

---

भाखरवडी

आमच्याकडे मीटरवाला येतो तो बाहेरून फोटो काढून पळतो. कादंबरी लिहायला वेळच वेळ.

---

काचेची_फरशी

नाव बघून कळलं असेल मी कुठे पडीक असते. सेंट्रल लायब्ररी, मांडवीजवळची. ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी, १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून सुरू केली, आणि पुस्तकांच्या मजल्यांना लोखंडी रॅक आणि काचेची फरशी, वरच्या मजल्यावरच्या माणसाचे बूट खालून दिसतात. लहानपणी मला वाटायचं वरून कोणीतरी आपल्यावर पडणार.

मुद्दा. 'मानवीनी भवाई'चा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीनं १९९५ मध्ये काढला, 'एन्ड्युरन्स : अ ड्रोल सागा', आणि अनुवादक व्ही. वाय. कंटक. कंटक सर म्हणजे आपल्या एमएस युनिव्हर्सिटीतले इंग्रजीचे प्राध्यापक! म्हणजे ईडरकडच्या बोलीतली कादंबरी इंग्रजीत गेली ती बडोद्याच्या माणसाच्या हातून. आणि आपण इथे बसून विचारतोय कोणी वाचलंय का. (मी पण आधी इंग्रजीच वाचलं, मग गुजराती. इंग्रजीत गोष्ट नीट कळते पण काळूच्या तोंडची बोली जाते, भातातलं मीठ गेल्यासारखं.)

'भवाई' हे नाव मात्र फार विचार करून ठेवलंय. भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य, आपल्या तमाशाच्या किंवा दशावताराच्या जवळचं, गावच्या चौकात रात्रभर चालणारं. बोलण्यात 'भवाई करणं' म्हणजे तमाशा करणं, शोभा होणं. माणसाचा तमाशा, दोन्ही अर्थांनी.

---

प्रतापनगरचा_निनाद

मी साहित्याचा विद्यार्थी, थोडं विरोधी मत मांडतो, रागावू नका.

१) मळेला जीवमध्ये जीवीला कोणी काही विचारतच नाही. कानजी ठरवतो, त्याचा मित्र ठरवतो, धुळा मारतो. ती फक्त सोसते. शेवटी विषाची भाकरी ती स्वतःसाठी करते आणि खातो धुळा, मग ती वेडी होते. आणि आपण सगळे डोळे पुसत 'काय प्रेम!' म्हणतो. मला ते प्रेम वाटलंच नाही, मालकी वाटली.

२) नंतरची कारकीर्द. पन्नासच्या वर कादंबऱ्या. साठीनंतर पौराणिक सुरू, महाभारतावर 'पार्थने कहो चडावे बाण' भागांवर भाग, मग अजून देवदेवता. १९७१ ला मुलांबरोबर स्वतःचं साधना प्रकाशन काढलं. म्हणजे आपणच लिहायचं आपणच छापायचं. कोणी कात्री लावणारा नाही. त्यात 'भवाई'तल्या काळू-राजूच्या तोडीचं एक पान दाखवा.

---

भाखरवडी

अरे भाऊ!!! धागाकर्तीनं मुद्दाम 'शेवट सांगत नाही' लिहिलं होतं, तू पहिल्याच मुद्द्यात विषाची भाकरी वाढलीस. मी आजच ऑर्डर केलं होतं.

---

प्रतापनगरचा_निनाद

सॉरी. १९४१ चं पुस्तक आहे, ऐंशीच्या वर वर्षं झाली, वाटलं मुदत संपली असेल.

---

सूरसागरकाठची

निनाद, स्पॉयलरबद्दल तुला भाखरवडीच शिक्षा देईल. पण दोन्ही मुद्द्यांवर मला बोलायचंय, आणि दुसऱ्यावर जास्त.

पहिला अर्धा मान्य. जीवीला कोणी विचारत नाही हे खरंच, म्हणून तर मी पुस्तक मिटलं होतं. पण लेखकाला ते माहीत नव्हतं असं मला नाही वाटलं. कानजी शहरात पळून जातो ना, तिथे तो सुखी दाखवलाय का? नाही. प्रत्येक वेळी तो मोठेपणानं काहीतरी ठरवतो आणि त्याची फळं जीवी भोगते. एकोणतिशीच्या पोरानं हे त्या काळी लिहिलंय, आणि जातीचं कुंपण असं उघड मांडलंय की कोणी म्हणू शकत नाही नशिबाचा खेळ. नशीब नाही, जात आहे, आणि कानजीचा भित्रेपणा आहे.

आता दुसरं. हे मला खरंच बोचतं. आपल्याकडे पण असंच बोलतात, अमका फार लिहितो, तमका पैशासाठी लिहितो. अरे लिहिणार नाही तर खाणार काय? हा माणूस प्राध्यापक नव्हता की पहिल्या तारखेला पगार येईल. चौथी शिकलेला, मध्ये क्षयानं आजारी पडलेला, मग गावी जाऊन राहिला, शेती बघितली, अमदावादला परत आला, मुलंबाळं. लेखणीवर घर चालवलं. प्रकाशन काढलं तर त्यात वाईट काय, त्याच्याच पुस्तकांवर दुसऱ्यांनी कमावण्यापेक्षा त्याच्या पोरांनी कमावलं. माझे वडील टायपिंग क्लास चालवायचे, संध्याकाळी लोकांचे थिसिस टाइप करायचे पानाच्या भावानं, त्यांना कोणी नाही विचारलं की बाबा तुमची शंभरावी थिसिस पहिल्यासारखी का नाही.

पौराणिक मी वाचलेलं नाही, त्यामुळे त्याच्या दर्जावर भांडत नाही. भांडतेय ते त्या सुरावर.

---

मांडवीचा_म्हातारा

सूरसागरकाठची, लाखमोलाचं बोललीस. मी पौराणिकांपैकी तीनचार वाचलीत, वाचनालयातून, निवृत्तीनंतर. निनाद म्हणतो ते खोटं नाही, भाषा गुळगुळीत झालीय, पात्रं फार शहाणी बोलतात. श्रीअरविंदांच्या विचारांकडे ते ओढले गेले होते त्याचा रंग आहे. पण एक सांगतो, ती पुस्तकं ज्या बायका देवळात बसून वाचायच्या त्यांनी 'मळेला जीव' कधीच हातात घेतलं नसतं. तो वेगळा वाचक होता आणि त्यालाही लेखक लागतो.

आणि मध्यंतराबद्दल कोणी बोलत नाहीये. 'मानवीनी भवाई' एकटी नाही, ती तीन भागांची साखळी आहे. दुसरा 'भांग्याना भेरू', १९५७, म्हणजे मोडक्याचे सोबती. तिसरा 'घम्मर वलोणुं', १९६८, वलोणुं म्हणजे ताक घुसळणं आणि घम्मर हा त्या रवीचा आवाज. एकवीस वर्षं एका कुटुंबामागे चालत राहिला की नाही? कोकणचो झील, तुमच्या खोतांच्या चार पिढ्यांशी तुलना करायची तर या तिन्ही भागांशी करा, एकट्या पहिल्याशी नको.

---

कोकणचो_झील

हे तीन भागांचं मला माहीत नव्हतं, माघार घेतो अर्धी. उरलेली अर्धी पुस्तक वाचून मग.

पण एक मुद्दा सोडत नाही. तुंबाडमध्ये खोतकी, कोर्टकचेऱ्या, जमीन, पैसा, इंग्रज सगळं येतं, घर कसं उभं राहिलं आणि का पडलं त्याचा हिशोब लागतो. तिकडे दुष्काळ पडतो तो आभाळातून. त्यात माणसाचा दोष कुठे?

---

वाघोडियारोड

दोष आहे की. मी 'भवाई' दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा दुष्काळापेक्षा आधीचाच भाग जास्त टोचला. काळू आणि राजूची सोयरीक पाळण्यात झालेली, आणि ती मोडते कोण, तर काळूची स्वतःची काकी, भावकीच्या जळफळाटानं. राजू दुसरीकडे, काळूचं लग्न तिसरीकडेच भलीशी. एवढं सगळं माणसांनी केल्यावर मग आभाळ फिरतं. लेखक म्हणतोय असं मला वाटलं की पाऊस नंतर रुसला, तुम्ही आधीच एकमेकांना उपाशी ठेवलं होतं.

(मला लिहिता येत नाही एवढं चांगलं, मोठा प्रतिसाद पहिल्यांदाच देतोय)

---

काचेची_फरशी

@वाघोडियारोड +१. लिहीत जा हो.

---

मांडवीचा_म्हातारा

दुष्काळाचं निघालंच आहे तर. कादंबरीतला दुष्काळ म्हणजे छप्पनियो, विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. पन्नालालांचा जन्म १९१२ चा. म्हणजे त्यांनी तो पाहिलेला नाही. त्यांनी ऐकलेला आहे, ओसरीवर, म्हाताऱ्यांच्या तोंडून. आणि तरी वाचताना वाटतं हा माणूस त्या खिचडीच्या रांगेत उभा होता.

आपण बडोदेकर हे विसरतो की तो दुष्काळ आपल्या दारातही होता. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा राज्याची वस्ती २४ लाखांच्या वर होती, १९०१ ला साडेएकोणीस लाखांच्या आसपास. शेकडा एकोणीस माणूस कमी. काही प्लेगनं, काही कॉलऱ्यानं, बाकी भुकेनं. आमच्या आजीची सासू तेव्हा लहान होती, वाडीत राहायची. ती सांगायची (म्हणजे आजी सांगायची की ती सांगायची) की त्या वर्षी गुरं विकायला आली की कोणी घेत नसे, फुकट दिली तरी, कारण चारायला गवतच नाही. एकानं बैल दारात बांधून ठेवला आणि रात्रीतून निघून गेला, सकाळी बैल दारात आणि मालक गायब. आमच्या घरच्यांनी तो बैल दोन दिवस ठेवला. मग काय झालं ते आजी कधी सांगायची नाही, विषय बदलायची. मी 'भवाई' वाचली तेव्हा काळूचे बैल आल्यावर मला तो बैल आठवला आणि मग आजीनं विषय का बदलला तेही कळलं.

आमच्याकडे दुपारी कोणी पानात टाकलं की 'छप्पनियात असतास तर' असं म्हणायचे. मराठी घर, पण शिवी गुजराती दुष्काळाची.

---

सूरसागरकाठची

आजोबा काय लिहिलंत. आमच्याकडे पण म्हणायचे हो 'छप्पनियातून आलायस का', कोणी अधाशासारखं खाल्लं की! मला आत्ता, या वयात, कळलं की त्याचा अर्थ काय. मला वाटायचं छप्पन भोगाशी काहीतरी संबंध असेल.

---

नुकताच_आलो_पुण्याहून

धागा छान. बायकोच्या नोकरीमुळे बडोद्यात सहा महिने, गुजराती येत नाही. मराठी माणसाला वाचता येईल का गुजराती? किती दिवसांत?

---

काचेची_फरशी

पंधरा दिवस. थापा नाही. वरची रेघ काढून टाका, अर्धी अक्षरं लगेच ओळखीची निघतात, ग, घ, त, न, प, म, र, व, स सगळी आपलीच. वेगळी दिसणारी पाठ करा, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल, इ, एवढ्यांचाच घोळ. दुकानांच्या पाट्या वाचत फिरा, रावपुरा ते मांडवी चालत गेलात की अर्धी बाराखडी होते, भूक पण लागते, सेवउसळ खा आणि परत या.

पण सुरुवात 'भवाई'नं नका करू. बोली ईडर-डुंगरपूरकडची आहे, आमच्यासारख्या जन्मल्यापासून बडोद्यात राहिलेल्यांना पण अडकायला होतं. आधी त्यांच्या कथा घ्या, छोट्या असतात.

---

भाखरवडी

आणि ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी पिक्चर पण आहे, १९९३ चा, उपेंद्र त्रिवेदींचा, नाव तेच 'मानवीनी भवाई'. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. बाबांनी टीव्हीवर लागला तेव्हा सगळ्यांना बसवून दाखवला होता, मी अर्ध्यात झोपलो, शेवटी उठलो तर बाबा रडत होते आणि बाहेर खरंच पाऊस पडत होता.

---

प्रतापनगरचा_निनाद

काल रात्री 'भवाई' परत काढून शेवटचं प्रकरण वाचलं, 'उज्जड आभले अमी'. (भाखरवडी, या वेळी सांगत नाही.) राजू जे करते ते. जीवीच्या बाबतीत जे म्हणालो ते राजूला लागू नाही, ती स्वतः ठरवते आणि कोणाला विचारत नाही. सहा वर्षांच्या अंतरात लेखक कुठून कुठे गेला ते दिसतं. तेवढं मागे घेतो.

साठीनंतरच्या पुस्तकांबद्दलचं नाही घेत.

---

सूरसागरकाठची

नको घेऊस. टायपिंग क्लासवाल्याची मुलगी आहे, मी पण नाही घेत.

मी आत्ता दुष्काळाच्या पानांवर आलेय. काल रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते, मग उठून स्वयंपाकघरात जाऊन गव्हाचा डबा उघडून बघितला, भरलेला होता, परत येऊन झोपले. नवरा विचारत होता काय झालं. काय सांगणार.

फोईंना विचारलं तुम्ही हे कधी वाचलंत, तर म्हणाल्या लग्न होऊन आले तेव्हा माहेरून दोन साड्या आणि हे पुस्तक आणलं होतं, सासूनं माळ्यावर टाकलं, ती गेल्यावर काढलं. कव्हर उंदरांनी खाल्लं. त्यांच्याकडे 'भांग्याना भेरू' पण आहे म्हणे, शोधून ठेवते म्हणाल्या. मकरपुऱ्याहून कोणी घ्यायला येणार असेल तर सांगा, पण परत द्यायचं, आणि चहाचे डाग न पाडता.

---

कोकणचो_झील

रविवारी येतो. बदल्यात तुंबाड आणू का, पहिला खंड? फोईंना मराठी वाचता येतं का?

---

सूरसागरकाठची

विचारलं. म्हणाल्या लाव ने, रेघ आडवी हशे तो हाथथी ढांकी दईश.